अंगावर घालायची कला आणि नाडीचा वळ

सुईदोरा (लातूर)

काळ्या रबराची एक बांगडी आहे. एका जागी फुगलेली, अजगराने उंदीर गिळावा तशी. म्युनिकमध्ये काम करणारे दागिन्यांचे कलाकार ओटो क्युन्झली यांनी ती 1980 मध्ये केली. फुगवट्यात सोन्याचा गोळा आहे, पण तो दिसत नाही. बघायचाच असेल तर रबर कापावं लागेल, आणि कापलं की बांगडी गेली. नाव ठेवलंय 'सोनं आंधळं करतं'. ही बांगडी आमच्या सराफा लाइनीत नेली तर पहिला प्रश्न येईल, "घट किती धरायची?" आणि दुसरा, "आत सोनंच आहे कशावरून?" हा दुसरा प्रश्नच त्या बांगडीचा विषय आहे. जिच्या मनगटात ती आहे तिलाही फक्त विश्वासच ठेवावा लागतो.

सध्या मी अशाच वस्तूंच्या मागे लागले आहे. अंगावर घालायच्या, पण थंडीवाऱ्याला उपयोग नाही आणि लग्नात मिरवायची सोय नाही. भीती, लाज, ओझं, एकटेपणा असलं काहीतरी अंगाला कळावं म्हणून केलेल्या. रॅम्पवर दिसणाऱ्या चित्रविचित्र कपड्यांना मी यात धरत नाही, काही सन्माननीय अपवाद सोडून.

या सगळ्यात माझ्या डोक्यात घर करून बसलं ते नेदरलँड्सच्या गाइस बाकर यांचं 1973 चं काम. सोन्याची बारीक तार दंडाला, कमरेला आवळून बांधायची. मग काढायची. कातडीवर जो वळ उरतो तोच दागिना. त्याचा फोटो काढून ठेवायचा, कारण थोड्या वेळात वळ विरतो. 'सावलीचे दागिने' म्हणतात त्यांना.

वाचलं आणि हसूच आलं. माझ्या शिवणक्लासला येणाऱ्या चाळिशीपुढच्या बहुतेक बायकांच्या कमरेवर हा दागिना आहे. परकराच्या नाडीचा. आणि तो काही विरत नाही. कमरेचं माप घ्यायला टेप फिरवला की तो आपसूक त्या खाचेत जाऊन बसतो. बोटाच्या रुंदीची, काळपट, हाताला खरबरीत लागणारी पट्टी, डाव्या बाजूला गाठीच्या जागी जास्त खोल. त्यावर कुणी बोलत नाही. मी एकीला विचारलं तर म्हणाली, "घट्ट नाही बांधली तर लुगडं सुटंल की माय चारचौघांत."

तर मला यावर एक वस्तू करायची आहे. कापडी कमरपट्टा, दुहेरी. आतल्या अंगाला दोरी भरून उंच शिवण घालायची, पैठणीच्या नारळी काठाच्या नक्षीत. पट्टा थोडा वेळ घालून काढला की नक्षी कमरेवर उमटलेली दिसेल आणि नंतर जाईल. बाहेरून पट्टा अगदी साधा, मांजरपाटाचा. एका लहानशा प्रदर्शनात ठेवणार आहे आणि माझा हट्ट आहे की पुरुषांनीही तो घालून बघावा.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. यात कातडीला काही धोका आहे का? आणि असं काम आपल्या भागात आधीपासून होतंय का, भले त्याला कुणी कला म्हणत नसेल?

खडीसाखर (उदगीर)

वळालाही आता कला म्हणायचं म्हणजे अवघड आहे. उद्या मला ढेकूण चावला तर प्रदर्शन भरवा. पोतराज बिचारा दारोदार अंगावर कोरडे ओढून घेतो, त्याला कुणी व्हेनिसच्या त्या मोठ्या कलाप्रदर्शनाला बोलावलेलं ऐकलं नाही. हेच परदेशी माणसानं केलं की दागिना. चालू द्या.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

@खडीसाखर, पोतराजाचं नाव काढलंत ते बरं केलंत. चेष्टेत काढलंत, पण मुद्दा जड आहे. मी चित्रकला शिकवतो आणि दर वर्षी वर्गात कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. पोतराजाचा पोशाख नुसता वस्तू म्हणून बघा. लुगड्यांच्या आणि खणांच्या तुकड्यांचा घागरा, कमरेला घुंगरं, न कापलेले केस, कपाळी मळवट, हातात आसूड. बाई डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन पुढं. आवाज, रंग, वेदना, सगळं एका अंगावर.

त्याच्याशेजारी निक केव्ह ठेवा. शिकागोचा कलाकार. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 1991 मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर बेदम मारलं, त्याचं चित्रीकरण जगानं पाहिलं. केव्हने पुढच्या वर्षी बागेत पडलेल्या काटक्या गोळा करून अंगभर पोशाख केला. घालून हलल्यावर कळलं की तो वाजतो. मग त्याने असे पोशाख करण्याचा सपाटाच लावला, त्यांना 'साउंडसूट' म्हणतात. आत कोण आहे, काळा की गोरा, बाई की पुरुष, काही कळत नाही. त्याला तेच हवं होतं.

पोतराजाचं बरोबर उलटं आहे. पोशाख लांबूनच ओरडून सांगतो की आत कोण आहे आणि कुठल्या वस्तीतला. आणि केव्हचा माणूस संध्याकाळी काटक्या उतरवून घरी जातो. पोतराज नवसाने सोडलेला असतो, त्याला ते उतरवायची मुभा नसते. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी केस कापून कितीतरी जणांची पोतराजकी सोडवली, ती उगाच नाही. म्हणून मी वर्गात त्याला 'आपली परफॉर्मन्स आर्ट' वगैरे म्हणू देत नाही. तसं म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः आसूड घेत नाहीत.

डॉ_बालाघाट (बीड)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. धोका आहे, आणि तुमच्या पट्ट्यापेक्षा नाडीत जास्त आहे.

2024 च्या अखेरीस 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन रुग्ण नोंदवले. दोघीही वयस्कर. एक वर्षानुवर्षे परकराची नाडी घट्ट बांधणारी, दुसरी परकर न घालता लुगडं कमरेला आवळून नेसणारी. दोघींना कमरेवर त्या वळाच्या जागीच कातडीचा कर्करोग. याला आधी 'साडी कॅन्सर' म्हणायचे, पण साडीची चूक नाही, आवळण्याची आहे. धोतर नेसणाऱ्या पुरुषांतही असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

होतं असं: दाब, घर्षण, त्यात घाम आणि धूळ. कातडी आधी काळवंडते, पापुद्रे सुटतात, मग चरते. बाई त्यावर खोबरेल लावते आणि त्याच जागी पुन्हा नाडी बांधते. जखम भरते, फुटते, भरते, फुटते. वर्षानुवर्षे असं चाललं की एखादीत तिथे कर्करोग उगवतो. अशा जुनाट व्रणातल्या कर्करोगाला मार्जोलिन अल्सर म्हणतात. फार दुर्मीळ आहे, कुणी घाबरून जाऊ नये. पण काळवंडलेली, खाजणारी कंबर दुर्मीळ नाही. माझ्या ओपीडीत बाई तापासाठी येते, पोट तपासताना मला ती दिसते, आणि ती पटकन पदर ओढून घेते.

उपाय फुकटात आहे. नाडीऐवजी चार बोटं रुंद पट्टा, रोज एकाच जागी न बांधणं, घरी असताना सैल. तुम्ही शिवणक्लास चालवता, एवढं जरी बायकांना शिकवलंत तरी प्रदर्शनापेक्षा मोठं काम होईल असं माझं मत.

आता मला तुम्हाला विचारायचंय. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारने चौकशी समिती नेमली. त्या बायकांच्या पोटावरही वळ आहे, टाक्यांचा. त्याचाही पट्टा शिवणार का? खोचक विचारत नाही. कुठपर्यंत जायचं हे तुम्ही कसं ठरवता?

तांडेवाली (जिंतूर)

आम्ही बंजारा. आमच्या याडीचा (आईचा) पूर्ण वेश, फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), छांटिया (ओढणी), वर चांदी, घुंगरं, कवड्या, आरसे, हे सगळं अंगावर असलं की ती चालताना तांड्याच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. साउंडसूट म्हणे!

मला मात्र वेगळीच चीड आहे. एका संग्रहालयात मी असाच एक फेटिया काचेत बघितला. टाचण्यांनी ताणून लावलेला, खाली 'आदिवासी घागरा' अशी चिठ्ठी. (आम्ही महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो, आदिवासींत नाही, पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला काय त्याचं.) त्याला ना घेर दिसत होता ना वजन कळत होतं, आवाज तर नाहीच. बाई काढून घेतली की त्यात उरतं काय?

आणि सुईदोराताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगते. आमच्यात लग्न झालेलीच घुगरी-टोपली लावते, कानशिलावर लोंबणारी चांदी. दंडात चूडो. आधी हस्तिदंती असायचा, आता प्लॅस्टिकचा. नवरा गेला की दंडावरचा चूडो उतरतो. तुमच्याकडं बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, जोडवी काढतात. दुःख अंगावर दाखवायची ही वस्तूच आहे की. फक्त तिथं वस्तू घालत नाहीत, काढून घेतात. उरलेल्या रिकाम्या दंडाकडं बघून लोक वागायचं कसं ते ठरवतात. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ही प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा पेपरात फार आलं. आमच्या तांड्यात अजून कुणी ठराव केला नाही.

गोदाकाठ (नांदेड)

इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, त्या बाजूने भर घालतो.

भावना 'दाखवणारे' कपडे करून झालेत. फिलिप्स कंपनीच्या डिझाइन विभागाने 2006 मध्ये 'बुबेल' नावाचा पोशाख केला. आतल्या थरात सेन्सर, बाहेरच्या फुग्यासारख्या थरावर मनःस्थितीप्रमाणे रंगीत प्रकाश. अशा कामात बऱ्याचदा कातडीची विद्युतवाहकता मोजतात. माणूस अस्वस्थ झाला की तळहाताला, बोटांना किंचित घाम येतो, वाहकता वाढते, दिवा लागतो.

आता हे यंत्र मे महिन्यात नांदेडच्या बसस्टँडवर लावा. 43 अंश. सगळा फलाट अस्वस्थ दाखवेल, आणि एका अर्थी बरोबरच दाखवेल म्हणा. पण यंत्राला प्रेमाचा घाम, भीतीचा घाम आणि उन्हाचा घाम यांत फरक कळत नाही. तो फरक करायला बघणारा माणूसच लागतो. म्हणून ताई, पट्ट्यात वायर घालू नका. कुणी सल्ला दिला तरी.

अवांतर: जपानच्या आत्सुको तानाका यांनी 1956 मध्ये रंगवलेल्या बल्बांचा आणि ट्यूबांचा पोशाख केला होता, 'विजेचा पोशाख'. स्वतः आत उभ्या राहायच्या. शॉक लागायची भीती होतीच, आणि मला वाटतं ती भीतीच त्यातली खरी वस्तू आहे, दिवे निमित्त. आमच्याकडं लोडशेडिंगच्या वेळापत्रकाप्रमाणे पेटला असता.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ, मस्त!

आजारातून आलेल्या कामाचं उदाहरण द्यायचं राहिलं. रिबेका हॉर्न, जर्मन, 2024 मध्ये गेल्या. विद्यार्थिदशेत मास्क न लावता फायबरग्लास आणि पॉलिस्टरमध्ये काम करून फुप्फुसं खराब करून घेतली, बराच काळ सॅनेटोरियममध्ये काढला. जड काही उचलायची सोय नव्हती, म्हणून अंथरुणात बसून कापड शिवायला लागल्या. त्यातून अंगाला जोडायच्या वस्तू निघाल्या. 1972 चे बोटांचे हातमोजे बघा, प्रत्येक बोट हातभर लांब. उभ्या उभ्या जमिनीवरची वस्तू चाचपता येते, पण स्पर्श दुरूनच. आजारपणात माणसं आपल्याशी जशी वागतात तसाच तो स्पर्श आहे.

आणि आपल्या जवळच्या म्हणजे शकुंतला कुलकर्णी. धारवाडचा जन्म, मुंबईत काम. वेताची चिलखतं विणून घेतली, डोक्यापासून घोट्यापर्यंत, आणि ती घालून मुंबईत सार्वजनिक जागी उभ्या राहून फोटो काढले. 2012 च्या सुमाराला ते काम लोकांपुढे आलं, 2019 मध्ये व्हेनिसच्या भारतीय दालनात होतं. (खडीसाखर, व्हेनिसला बोलावलं होतं बरं का.) बाईला रस्त्यावर चिलखत लागतं इथपर्यंत कुणालाही सुचेल. पण ते घालून धड बसता येत नाही, वाकता येत नाही, हे त्यांनी अंगावर घेऊन दाखवलं.

भुईकोट (औसा)

एवढे दिवस नुसता वाचक होतो, आज लिहावंसं वाटलं.

मी किल्लारीच्या पट्ट्यातला. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. बाकी सगळं तुम्हाला माहीत आहे, ते सांगत नाही. कपड्यांचं सांगतो.

माणसं अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली, जी पडली ती. नंतर ट्रकच्या ट्रक कपडे आले. देशभरातून. शेडपुढं ढीग. लोकरीचे कोट, टाय, लहान पोरांचे झगमगते फ्रॉक, मॅक्सी. जन्मभर नऊवारी नेसलेल्या माझ्या चुलतआजीला कुणीतरी फुलाफुलांची मॅक्सी दिली. ती घालून ती शेडच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची, उठायचीच नाही. घोटे दिसतात म्हणून. माझ्या अंगावर कुणाच्या तरी शाळेचा शर्ट होता, खिशावर अनोळखी बिल्ला. त्या वर्षी आमच्या गावात सगळ्यांच्या अंगावर दुसऱ्याचं माप होतं. देणाऱ्यांनी मनापासून दिलं, त्याबद्दल तक्रार नाही.

यावर कुणी काही केलंय का जगात?

सुईदोरा (लातूर)

भुईकोटदादा, तुमचा प्रतिसाद मी क्लासमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. औशाच्या दोघी आहेत, त्या काही बोलल्या नाहीत.

जवळ जाणारं एक काम आहे. हुसेन चालायन, फॅशन डिझायनर, जन्म सायप्रसचा. 1974 मध्ये बेट दुभंगलं, माणसं घरदार टाकून निघाली. त्याने 2000 साली लंडनमध्ये एक शो केला. मंचावर दिवाणखाना, चार खुर्च्या, मधे गोल लाकडी टेबल. मुली येतात, खुर्च्यांचे अभ्रे काढून अंगात घालतात, ते झगे होतात. खुर्च्या मिटून सुटकेसी होतात. शेवटी एक मुलगी टेबलाच्या मधोमध पाय ठेवते, कड्या वर ओढते आणि टेबलाचा घागरा होतो. घरात काही उरत नाही.

आता डॉक्टरसाहेबांच्या प्रश्नाकडे येते. दोन दिवस डोक्यात होता.

नाही, टाक्यांचा पट्टा शिवणार नाही. कारण नाडीचा वळ मी एखाद्या पाहुण्याला दहा मिनिटं उसना देऊ शकते. तो घरी जाईल, वळ जाईल, आणि बायको परकर वाळत घालताना त्याला कदाचित नाडी दिसेल. एवढंच मला हवंय. गर्भाशय काढलेल्या बाईचं काय उसनं देणार? तिथे मी काहीही शिवलं तरी ते मांजरपाटावरचं भरतकामच होईल, आणि बघणारे 'किती हृदयद्रावक' म्हणून चहाकडे वळतील. तांडेवालीताईंनी सांगितलेल्या रिकाम्या दंडाचंही तसंच. तो ज्यांचा आहे त्यांनी करायचं तर करावं, मी सुई द्यायला येईन. पैठणगेटसरांनी पोतराजाबद्दल जे लिहिलं तेच मी माझ्यापुरती रेघ म्हणून धरते आहे. जे उतरवून ठेवता येतं तेच दुसऱ्याच्या अंगावर घालायचं.

काचेचा मुद्दा पटला. ब्राझीलच्या लिजिया क्लार्क यांनी यावर आयुष्य घालवलं. 1966 मध्ये त्यांनी एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी हवेने भरली आणि तिच्या कोपऱ्यावर एक गोटा ठेवला. पिशवी दोन्ही तळव्यांत धरून दाबायची, सोडायची. गोटा वर येतो, खाली रुततो, जसा काही श्वास घेतो. बघायला त्यात काही नाही, हातात घेतलं तरच आहे. पुढे 1976 पासून त्या अशाच वस्तू, पाण्याच्या पिशव्या, वाळूच्या उशा, शिंपले, लोकांच्या अंगावर ठेवून उपचार करायला लागल्या. आज त्यांच्या मूळ वस्तू संग्रहालयांत काचेत असतात, आणि हाताळायला नकला ठेवतात. काय म्हणावं! माझा पट्टा फाटेपर्यंत लोकांनी वापरावा. फाटला की दुसरा शिवीन, मांजरपाट काही महाग नाही.

खडीसाखर (उदगीर)

मी अजून याला कला म्हणायला तयार नाही, ते सोडा. पण आज आंघोळीला कमरेकडं बघितलं. करदोड्याचा वळ आहे. लहानपणापासून आहे, आणि आजवर तो मला दिसला नव्हता. बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "मग? माझा बघितलाव का कधी?"

प्रदर्शन कुठं आहे? आणि पुरुषांच्या मापाचा पट्टा खरंच ठेवणार का नुसतं लिहिलंय?

तांडेवाली (जिंतूर)

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

सुईदोरा (लातूर)

36 पासून 44 पर्यंत पट्टे शिवून तयार आहेत, खडीसाखर. लातुरातच आहे, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. करदोडा घालूनच या, नारळीच्या मधून त्याची रेघ उमटलेली मला बघायची आहे. डॉक्टरसाहेबांचं ऐकून शेजारी चार बोटं रुंद नाडीचे परकरही ठेवले आहेत, बेतण्याच्या कागदासकट. ज्यांना शिवायचा त्यांनी कागद घेऊन जावा.

डॉ_बालाघाट (बीड)

छान. पट्टा दहा मिनिटांवर नको, दोन माणसांच्या मधे धुतलेलं अस्तर बदला, आणि कातडी चरलेली असेल किंवा शुगर असेल त्यांना देऊ नका.

@खडीसाखर, शुगर आहे का?

खडीसाखर (उदगीर)

आहे की. नाव काय उगंच घेतलंय?

डॉ_बालाघाट (बीड)

मग तुम्ही नक्षी बघायची, घालायची नाही. आणि वहिनींसाठी परकराचा कागद आणा.